ओढ्याच्या वरच्या अंगाचा हिशेब

कात्रजच्या उतारावरील आमच्या सोसायटीत पार्किंगचे काही काँक्रीट फोडून तेथे माती, झाडे आणि शोषखड्डे करावेत, असा प्रस्ताव गेल्या सभेत आला, तेव्हा खजिनदारांनी विचारले, "यातून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न रास्त होता, त्याचे उत्तर मात्र फक्त आपल्याच वहीत शोधले गेले.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा भूखंड सुमारे २,००० चौरस मीटरचा आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा हजार लिटरचे दहा टँकर भरतील एवढे पाणी त्यावर पडते आणि त्यातले बहुतेक फाटकातून आंबिल ओढ्याकडे धावते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने खालच्या अंगाच्या वस्त्यांत माणसे आणि संसार वाहून नेले. उन्हाळ्यात टँकर विकत घेणारेही आम्हीच.

अर्थात, शोषखड्ड्यांनी तसा पूर थांबला असता, असे मी म्हणणार नाही. ढगफुटीसारख्या पावसाला ओढ्याचे मोकळे पात्रच लागते. नेहमीच्या जोरदार सरींचा लोंढा मात्र अशा उपायांनी रेंगाळतो. शिवाय खोदाईचा खर्च एकदाच होतो, निगेचा दरवर्षी. आमच्या जुन्या खड्ड्याच्या जाळीवर गुलमोहराची पाने आणि दुधाच्या पिशव्या यांचा असा थर बसला होता की वॉचमनला तो खुरप्याने खरवडावा लागला. त्यातच आपला बेसाल्ट, म्हणजे जमिनीखालचा काळा कातळ. जिथे त्याला भेगा नाहीत, तिथे पाणी मुरत नाही, नुसते साचते.

खरी अडचण अशी आहे की पैसे वरच्यांनी घालायचे आणि घरे वाचायची ती खालच्यांची. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने यावर उपाय काढला : २०१० पासून तेथे व्यापारी मालमत्तांचे पावसाळी पाण्याचे शुल्क पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाच्या हिशेबाने आकारले जाऊ लागले आणि २०११ मध्ये पावसाचे पाणी साठवणाऱ्या अवाढव्य भुयारांऐवजी मुख्यतः हरित उपायांवर भर देणारी २५ वर्षांची योजना सुरू झाली. पुण्यातही पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात सवलत आहे. पण ती केलेल्या कामाचे बक्षीस आहे, ओतलेल्या काँक्रीटचे बिल नव्हे. माझ्या मते ते बिल आले पाहिजे, आमच्या सोसायटीलासुद्धा.

प्रस्ताव तूर्त पुढे ढकलला आहे. पुढच्या सभेत निगेसाठी वेगळी तरतूद करण्याची सूचना मी मांडणार आहे, आणि त्या जाळीचा फोटोही सोबत नेणार आहे.