रेकॉर्ड वाजताना झाकण बंद ठेवलं तर काय बिघडतं?

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: "वाजवताना टर्नटेबलचं झाकण कधीही बंद ठेवू नका. ते स्पीकरचा आवाज पकडून सुईपर्यंत पोचवतं, आतली हवा घुमून खर्ज फुगतो, तबकडी तापते, स्थिर वीज साचते. जाणकार झाकण लावत नाहीत. आणि धूळ म्हणाल, तर एक बाजू वाजते वीस मिनिटं, तेवढ्यात किती बसणार?" हे वाचून मीही वर्षभर झाकण उघडं ठेवून ऐकत होतो, त्यामुळे जरा सविस्तर बोलतो.

झाकण आवाज पकडतं, यात तथ्य आहे. 3-4 मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची शीट ती. मोठ्या आवाजात तिच्यावर बोटं टेकवली तर थरथर कळते. ती बिजागरीतून टर्नटेबलच्या सांगाड्यात आणि तिथून टोनआर्मपर्यंत, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यापर्यंत, जाऊ शकते. सुई वाचते ती खाचेतली वळणं मायक्रोमीटरहूनही बारीक असू शकतात, म्हणजे तिला असली ढवळाढवळ नकोच. त्यात 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) प्रमाणानुसार रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो आणि वाजवताना फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) तो पुन्हा उचलतो. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला ही उचल जवळपास 20 डेसिबल, म्हणजे सुमारे नऊ-दहा पट. त्यामुळे सुईपर्यंत पोचलेली मंद थरथरसुद्धा फुगून बाहेर पडते.

पण खर्जाची थरथर सुईपर्यंत येते मुख्यतः खालून. फळी, टेबल, लाकडी जमीन. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवून झाकणाला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. एडगर विल्चर यांनी 1961 मध्ये एआर (अकूस्टिक रिसर्च) या कंपनीचं टर्नटेबल आणलं, त्यात तबकडीची थाळी आणि टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगली. झाकण बाहेरच्या पेटीवर. अशा यंत्रात झाकण थरथरलं तरी ती थरथर आधी स्प्रिंगांतून पार व्हायला हवी. स्प्रिंगा नसलेल्या, हलक्या सांगाड्याच्या यंत्रांत झाकणाचा त्रास जास्त जाणवू शकतो, हे मान्य. म्हणजे उत्तर यंत्रागणिक बदलतं आणि "कधीही नको" हा नियम तिथेच ढासळतो.

सल्ला देणारे आणखी एक घोटाळा करतात. ते "उघडं" आणि "काढून ठेवलेलं" यांत फरकच करत नाहीत. बिजागरीवर उभं राहिलेलं झाकण म्हणजे शिडासारखा मोठा, एका कडेवर तोललेला पृष्ठभाग. सगळ्या कडा टेकलेल्या बंद झाकणापेक्षा त्याला झुलायला जास्त वाव. झाकणाची खरोखर भीती वाटत असेल तर ते बिजागरीतून उचलून बाजूला ठेवा. अर्धवट उपाय करून आपण सुधारणा केली असं समजू नका. (मी वर्षभर नेमकं तेच केलं.)

शंका असेल तर तपासणं सोपं आहे. थाळी बंद, फिरत नाही. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा. स्पीकरवर दुसऱ्याच कुठल्या साधनावरून, नेहमीच्या आवाजात, भरपूर खर्ज असलेलं काहीतरी लावा. फोनोमधून येणारा आवाज स्पीकरकडे न पाठवता रेकॉर्ड करून घ्या: झाकण बंद, उभं, काढलेलं, असं तीनदा. सुईनं खोलीतून जे उचललं ते त्यात ऐकू येईल. माझ्याकडे बंद आणि काढलेलं यांत मला फरक सांगता आला नाही; उभ्या झाकणाला मात्र हलकीशी घूं होती. टर्नटेबल स्पीकरपासून लांब, वेगळ्या टेबलावर नेल्यावर तीही गेली.

आतली हवा घुमते आणि खर्ज फुगतो, हे गणितात बसत नाही. 45 सेंटिमीटर लांबीच्या बंद पेटीत हवेची पहिली घुमण सुमारे 380 हर्ट्झला पडते. तो खर्ज नव्हे. 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. ती त्या इवल्या जागेत कशी घुमणार?

तापण्याचं म्हणाल तर मोटर काही वॅटची असते. तेवढ्यानं तबकडी वाकत नाही. बंद पारदर्शक झाकणावर थेट ऊन पडत असेल तर ती खरंच वाकू शकते, पण तिथे आधी टर्नटेबल उन्हातून हलवा. स्थिर वीज मुख्यतः रेकॉर्ड पाकिटातून ओढताना आणि कोरड्या हातानं पुसताना तयार होते. झाकण रेकॉर्डला शिवतही नाही. त्याचा दोष एवढाच, की कोरड्या फडक्यानं घासलं तर ते स्वतः भारतं आणि धूळ ओढतं. ओलसर फडकं वापरा. अल्कोहोल नको, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात.

जाणकारांचा दाखला तर फारच सोयीचा. डीजे झाकण काढतात कारण त्यांचे हात सतत रेकॉर्डवर असतात. उलट टेक्निक्स कंपनीच्या एसएल-10 या टर्नटेबलमध्ये टोनआर्मच झाकणात बसवलेला होता. झाकण मिटल्याशिवाय ते यंत्र वाजतच नसे!

राहिली धूळ. वीस मिनिटांत फार बसत नाही, हे मी मान्य करतो. जी बसते ती सुई खाचेत रगडते, एवढंच. पण झाकण फक्त धुळीसाठी नसतं. त्या वर्षभरात एकदा वाकून पाकीट वाचताना खिशातलं पेन फिरत्या रेकॉर्डवर पडलं. रेकॉर्डवर एक चरा कायमचा राहिला आणि सुईची दांडी वाकली. आता सुई टेकवली की मी झाकण मिटतो, हळू, दोन्ही हातांनी, कारण ते आपटलं तर सुई उडी मारते. रेकॉर्ड थाळीवर घट्ट बसावी म्हणून तिच्यावर उंच वजन ठेवून ऐकणाऱ्यांना मात्र हा प्रश्नच पडत नाही. त्यांचं झाकण मिटतच नाही.