स्विफ्ट ३० एमएमवरच का थांबवली

नमस्कार दादा, आमच्या गॅरेजला दिलेला तुमचा रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की स्विफ्ट ६० एमएम खाली बसवायला सांगितली होती, यांनी ३० वरच सोडली, टायर आणि फेंडरच्या मधे अजून तीन बोटं जातात, गाडी कंपनीतून आल्यासारखीच दिसते, वर मालकाने लेक्चर दिलं, आणि शनिवारी देतो बोलून सोमवारी दिली.

सोमवारचं आधी. ते पूर्ण माझं चुकलं. आधीच्या गाडीचं काम लांबलं, ठीक आहे, पण मी फोन करायला हवा होता, तुमचे दोन दिवस रिक्षात गेले. सॉरी. अलाइनमेंटचे पैसे तुम्हाला परत देतो.

पण ३० वर थांबलो तो कामचुकारपणा नव्हता. हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय कारण दर आठवड्याला कोणी ना कोणी मोबाईलवर फोटो दाखवून बोलतो अशी करून द्या, आणि फोटोतली गाडी उभी असते, तुमची रोज भांडुप ते परळ धावते.

तुमच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीच्या पोटातलं अंतर, १६३ एमएम, ६० काढले की १०३ उरतात, ते पण रिकाम्या गाडीचे, आणि तुम्हीच सांगितलंत की शनिवार-रविवार आई-बाबा, बहीण सगळे असतात. आता स्पीडब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो, तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० एमएम, म्हणजे मधोमध आलात की पुढची-मागची चारही चाकं ब्रेकरवरच असतात आणि पोटाखाली फुगवटा येतो जेमतेम साडेचार सेंटीमीटर. त्याच्यावर ६० खाली गेलेली गाडी पण जाईल. वाट लावतो तो सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी रात्रीत टाकलेला अरुंद उंचवटा, त्याची सगळी उंची थेट चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली येते. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प वर संपतो तिथली धार पण तशीच, आणि मुंबईत हे दोन्ही चुकवून घरी कोण पोचतो? चेंबर फुटला की ऑइल गेलं, ऑइल गेल्यावर दोन मिनिटं जरी चालवलीत तरी इंजिन गेलं. पावसात हिंदमाताला पाणी किती तुंबतं ते मी सांगायला नको.

आता तुम्ही बोललात की खाली गेली की कॉर्नरला चिकटून जाते. थोडी गेली तर जाते, हे खरं आहे, वजन खाली येतं. पण लिफ्टवर तुम्हाला पुढचा लोअर आर्म, चाकाला खालून धरणारा दांडा, दाखवला होता आठवतंय का, ३० वर तो जवळजवळ आडवा झालाय. अजून खाली नेली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि तुमच्या पुढच्या मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये तिथून पुढे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली पडतो, दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडी बुटकी दिसते पण वळणावर उलट जास्त कलायला बघते. वर कंपनीचे शॉकअप त्यांच्या लांबीचेच राहतात, ६० वर ते बम्प स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेकूनच बसतात, मग प्रत्येक खड्डा सरळ शॉकअप बॉडीला जोडतो त्या स्ट्रट माउंटवर आणि तुमच्या कमरेत. आणि स्प्रिंगची दीड कॉइल कापून द्या बोललात त्याला मी नाहीच म्हणणार, परत आलात तरी नाही. दुसरीकडून अशी कापून आलेली एक गाडी आम्ही जॅकवर घेतली तर स्प्रिंग सीटमध्ये हाताने फिरत होती, आणि ते लोक त्याच गाडीने घाट उतरून आले होते. त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो.

मागच्या चाकांना फोटोसारखा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, आला नाही असं पण लिहिलंय. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे दादा, दोन्ही मागची चाकं एकाच आडव्या बीमने जोडलेली, गाडी कितीही बसवा, त्याने मागचा कॅम्बर फारसा बदलत नाही.

दिसण्याला किंमत नाही असं मी कधीच म्हणणार नाही, मला स्वतःला खाली बसलेली गाडी बघायला आवडते, त्याच वेडातून या धंद्यात आलो. लॉस एंजेलिसच्या लोरायडरवाल्यांना, म्हणजे गाड्या मुद्दाम खाली बसवणाऱ्या शौकिनांना, तर नुसत्या दिसण्यासाठीच गाडी खाली हवी होती, आणि कॅलिफोर्नियात १९५८ च्या कायद्याने रिमच्या खाली गाडीचा कुठला भाग आणायला बंदी आली तेव्हा त्यांनी तेलाच्या दाबाने गाडी वर-खाली करणारं हायड्रॉलिक लावलं, हवी तेव्हा खाली, हवी तेव्हा वर. म्हणजे लूक सोडला नाही पण गाडी चालती ठेवली. मला ते पटतं.

तुमच्या गाडीत खरी अडचण उंचीची नाहीच, चाकांची आहे. कंपनीचं १८५/६५ आर१५ टायर जाड दिसतं आणि चाक आत दबलेलं आहे, म्हणून डोळा सरळ गॅपवर जातो. १६ इंची अलॉय रिमवर १९५/५५ टायर टाकलं तर बाहेरचा व्यास जवळपास तोच, ६२१ एमएम, स्पीडचं मीटर पण बिघडत नाही, फक्त रबराची भिंत बारीक होते आणि रिम मोठं दिसतं, आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत बसतं ते माप, जरा कमी घेतला की चाक फेंडरच्या रेषेत बाहेर येतं. उंचीला हात न लावता. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी चाक लावून दाखवायला पाहिजे होतं, नुसतं तोंडी समजावत बसलो, त्याचं तुम्हाला लेक्चर वाटलं असेल तर ते पण बरोबर आहे.

१६ इंची चाकांचा एक सेट गॅरेजमध्ये आहे. शनिवारी सकाळी या, लावून बघा, नाही आवडला तर काढू, पैसे नाहीत. येताना आई-बाबांना आणि बहिणीला पण घेऊन या, चौघं बसल्यावर तीन बोटांतली किती उरतात ते टेपने मोजू आणि मग पुढचं बोलू.