वोइतेख फितूर होता, एवढंच?

बाल्कनच्या इतिहासावर गप्पा निघाल्या की एक दावा हमखास पुढे येतो : बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याविरुद्धचं 1072 चं बल्गेरियन बंड म्हणजे स्कोप्येचा (आज उत्तर मॅसेडोनियात) सरदार गेओर्गी वोइतेख याची गादीची हाव. त्यापायी त्याने परका राजपुत्र आणला आणि गळ्याशी येताच शहर बायझंटाइनांच्या हवाली केलं.

गादीची हाव असती तर तो स्वतः बसला असता. बसला बोदिन, दुक्ल्याचा (आजच्या मॉन्टेनेग्रोतलं स्लाव्ह राज्य) राजा मिहाइलो याचा मुलगा. वोइतेख घरंदाज होता, पण राजवंशातला नव्हता. बोदिनचं नातं थेट बल्गेरियाचा जुना झार (सम्राट) सामुइल याच्या घराण्याशी. मग तो परका कसा? प्रिझ्रेनला तो जेमतेम 300 माणसं घेऊन आला आणि तिथे त्याला ‘पेतर’ या नावाने झार केलं. हे नाव दहाव्या शतकातल्या बल्गेरियन झारचं. 1040 च्या बंडाचा म्होरक्या देल्यान यानेही तेच घेतलं होतं.

आणि लोक काही एका सरदाराच्या हौसेखातर उठत नाहीत. 1018 मध्ये बल्गेरिया जिंकल्यावर बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बेसिलने कर धान्यात नि दारूत घ्यायची जुनी रीत ठेवली होती. पुढे रोकड मागायला सुरुवात झाली, त्यातून 1040 चा भडका उडाला. 1072 ला निकेफोरित्झेस या मंत्र्याची वसुली डोक्यावर होती. शिवाय वेळ साधली होती : आदल्याच वर्षी साम्राज्याने मान्झिकर्टला तुर्कांकडून मार खाल्ला, इटलीतलं बारीही गमावलं.

आता शरणागती. ती खरीच, लपवायचं कारण नाही. पण फौज आधीच दुभागली होती : बोदिन उत्तरेला निशकडे, त्याचा सेनापती पेत्रिलो दक्षिणेला कास्तोरियाकडे. पेत्रिलो तिथे हरला. बायझंटाइन सेनापती सारोनाइटिस चालून आला तेव्हा वोइतेखने स्कोप्ये सोडलं. माझ्या मते चूक शोधायचीच तर या फाटाफुटीत शोधावी. दावा करणारे इथेच थांबतात. हकिगत पुढे आहे, तीही शत्रूच्या ग्रीक बखरीत : वोइतेखला पश्चात्ताप झाला आणि सारोनाइटिसवर हल्ला कर, असा गुप्त निरोप त्याने बोदिनला धाडला. फितुराला याची काय गरज?

बोदिन डिसेंबरच्या बर्फातून निघाला, कोसोवोच्या दक्षिण भागात गाठला गेला, हरला, पकडला गेला. पुढे तो कैदेतून सुटला आणि दुक्ल्याचा राजा झाला. वोइतेखही कैद झाला, पण बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचलाच नाही. छळाच्या जखमांनी तो वाटेतच मेला.