छताच्या आतल्या बाजूचं काय?
पाण्याच्या पोलादी टाक्यांवरच्या लेखातलं 'कॅथोडिक संरक्षण बसवलं की टाकीच्या गंजाची चिंता मिटली' हे विधान अजिबात पटलं नाही. ते संरक्षण, म्हणजे सौम्य वीजप्रवाहाने गंज रोखण्याची सोय, फक्त पाण्यात बुडालेल्या पत्र्याला मिळतं. छताची आतली बाजू कायम पाण्याच्या वर असते. तिथे वाफेचे थेंब धरतात, पाण्यातून सुटणारा क्लोरीन त्यात मिसळतो आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्या फटीत, जिथे रंगाचा ब्रश पोचतच नाही, गंज वर्षानुवर्षं खात राहतो. देखभालीच्या कामात अशा टाकीत उतरलो आहे. भिंतींवरचा इपॉक्सीचा गंजरोधक लेप ठणठणीत होता, पण टॉर्च बंद केल्यावर छतातून बारीक बारीक उजेड दिसत होता.

त्या भोकांतून पावसाचं पाणी पक्ष्यांची विष्ठा घेऊन थेट आत जातं. १९९३ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात गिडिअन गावी साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची साथ आली, तेव्हा संशय उंच टाकीत शिरणाऱ्या पक्ष्यांवरच होता. बाहेरून नवा रंग देण्याची घाई कशाला? (जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो खरवडणं हेही जोखमीचं काम.) आधी छत, व्हेंटची (हवा ये-जा करण्याच्या झरोक्याची) जाळी आणि झाकण तपासा, तेही टाकीच्या आत उतरून.