मामा, भिशीचे पैसे सेन्सरला घालू नका

परवा पाटगावहून मामांचा फोन. भिशी लागलीय आणि मधमाश्यांच्या पेट्यांना सेन्सर घ्यायचं ठरतंय. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज: 'वरोआ माइट माशीचं रक्त पितो, त्यानं पेटी तापते. सेन्सर लावा, मोबाइलवर कळेल. लहरींनी माइट मरेल. पेटी उघडायची गरज नाही. सर्व जातींच्या माश्यांना उपयुक्त.' (वरोआ माइट म्हणजे मधमाशीला चिकटणारा गोचिडासारखा बारीक परजीवी.) हाच मेसेज मला आणखी चौघांनी धाडला, म्हणून एकदाच लिहितो.

लहरी? सेन्सर मोजतो, मारत नाही. काखेत थर्मामीटर धरून कुणाचा ताप उतरलाय?

रक्ताचंही पुरतं खरं नाही. कीटकशास्त्रज्ञ सॅम्युअल रॅम्सी यांच्या २०१९ च्या संशोधनात माइट मोठ्या माशीच्या मुख्यतः चरबीवर जगतो असं दिसलं.

पण 'पेटी उघडायची गरज नाही' हे वाचून डोकं फिरलं. अंडी-अळ्यांच्या जागी माश्या स्वतःच ३४-३५ अंश राखतात. माइट वाढले तरी पुरेशा माश्या असेपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. हलतो तेव्हा वसाहत खचलेली असते. दीडेक मिलिमीटरचा हा जीव पोळ्याच्या बंद घरात, मेणाच्या झाकणाखाली, कोशावर वाढतो. तिथं थर्मामीटरला काय दिसणार? खरं मोजायचं तर अळ्यांच्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. (राणी नाही ना, दोनदा बघा!) दोन मोठे चमचे पिठीसाखर टाकून बरणी घोळवा, मिनिटभर थांबा, पांढऱ्या ताटात झाडा. पडलेले माइट मोजून तीननं भागा, शेकडा प्रमाण आलं. माश्या जिवंत परत पेटीत. फक्त उघडिपीचा दिवस धरा, पाटगावच्या पावसात साखरेचा चिखल होतो.

'सर्व जाती' म्हणे! वरोआ मुळात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पेटीतल्या माशीच्या, कुळातल्या माशीवरचाच. सातेरी त्याला झाडून टाकते, आणि तो बहुतेक नरांच्या घरांतच वाढतो. खरा मार बसतो मेलिफेराला, म्हणजे युरोपीय माशीला. मामांच्या सगळ्या पेट्या सातेरीच्या, तिथं मेणाची पोळी खाणाऱ्या मेणकिड्याकडे बघायला हवं, आणि तो पेटी उघडल्याशिवाय दिसत नाही.

बरं, वजनाचा सेन्सर कामाचा आहे, कबूल. मध येतोय की संपतोय ते घरबसल्या कळतं. तळपाटावर (पेटीच्या तळाच्या फळीवर) पडलेले माइट मोजणारे कॅमेरेही आहेत. पण मेसेजमधला डबा त्यातला नव्हे.

मामा, रविवारी येतो. तळपाट खरवडायला जुनं खुरपं काढून ठेवा.