मेगावॉट म्हणजे वीज नव्हे

भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी (म्हणजे उभारलेले सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर जेवढी वीज देऊ शकतील, त्यापैकी) निम्मी बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणाऱ्या स्रोतांची झाली, ही २०२५ ची घोषणा खरी आहे आणि २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठल्याचे कौतुकही रास्त आहे. परंतु त्यावर निम्मी वीजच हरित झाल्याचा मथळा दिसला की माझे डोके फिरते. सौर पॅनेल रात्री वीज देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या एका मेगावॉटमधून वर्षभरात मिळणारे युनिट कोळसा जाळणाऱ्या औष्णिक संचाच्या मानाने कितीतरी कमी भरतात आणि प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही सुमारे ७० टक्के राहतो. (या निम्म्यात अणुऊर्जा आणि मोठी धरणेही मोजली आहेत, ते वेगळेच.) २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकरांना तरी तो मथळा वाचून दाखवू नये.