मणक्यातला ‘गॅप’ आणि सलूनमधला हिसका

फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मान वाजते म्हणजे मणक्यांत गॅप पडलाय, हाडावर हाड घासतंय. सलूनमध्ये मान मोडून घ्या, मणका जागेवर बसेल, चक्करही थांबेल.

आधी गॅप. एक्सरेत दोन मणक्यांच्या मधे जी काळी पट्टी दिसते, ती असायलाच हवी. तिथे कूर्चेची गादी असते, ती एक्सरेत उमटत नाही इतकंच. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, गादी बसते आणि पट्टी अरुंद होते. म्हणजे झिजेने गॅप वाढत नाही, घटतो! पन्नाशीनंतर अशी झीज मान कधीही न दुखलेल्यांच्या एक्सरेतसुद्धा सर्रास सापडते. शिवाय मानेच्या 7 मणक्यांपैकी वरच्या दोघांत गादी मुळातच नाही. पहिला म्हणजे नुसतं कडं, दुसऱ्याला वर खुंटी. कडं त्या खुंटीभोवती फिरतं. ‘नाही’ म्हणून मान हलवताना जवळजवळ अर्धी फिरकी या एकाच जोडीची.

आता आवाज. मणक्यांच्या मागच्या अंगाला छोटे सांधे असतात, आत गुळगुळीत कूर्चा आणि बुळबुळीत द्रव. सांधा ताणला की आतला दाब उतरतो, द्रवात वायूची पोकळी होते आणि कट्ट वाजतं. बोटं मोडताना हेच होतं. तेच बोट लगेच पुन्हा मोडून बघा, वाजत नाही. हाडं घासत असती तर दर खेपेला वाजली असती.

मणका जागेवर बसवणं तर विचारूच नका. अपघातात ज्याचा मणका खरंच सरकतो, तो कॉलर लावून 108 रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातो, न्हाव्याच्या खुर्चीत नव्हे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वरच्या 6 मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून चढतात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. जोराच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते, तिथे गुठळी होते, मग पक्षाघात. क्वचितच घडतं, पण कशाला? चंपी खुशाल करून घ्या, हिसका देऊ नको म्हणून आधीच सांगा.

कूस बदलताना गरगरतं ते बहुधा आतल्या कानामुळे, मानेचा त्यात दोष नसतो.

हाताला सतत मुंग्या, शर्टाची बटणं लावताना अडखळणारी बोटं, चालताना जाणारा तोल, यांतलं काही असेल तर मात्र डॉक्टर गाठा, मान वाजो न वाजो.